कंबरदुखी, रेडिओलहरी आणि तोलाची रीत

धान्याच्या घाऊक व्यापारात चाळीस वर्षे घालविलेल्या मनुष्यास दोन गोष्टी हटकून प्राप्त होतात. एक, मूठभर दाण्यांवरून पोत्याची प्रत ओळखण्याची नजर. आणि दुसरी, कंबरदुखी. पहिलीचा अभिमान मी आजवर बाळगीत आलो. दुसरीने तो अभिमान उतरविला. तो कसा उतरला हे सांगितल्याने आपल्या सभासद बंधूंचे व त्यांच्या कुटुंबीयांचे काही हित होईल, या आशेने हा लेख लिहीत आहे. मी मॅट्रिकच्या पुढे शाळा पाहिलेली नाही, आणि वैद्यकाचा अधिकार तर मुळीच नाही. तथापि तोल-मापाचा व्यवहार जन्मभर केला असल्याने, त्या एका बाजूने या विषयाकडे पाहण्याचे धाडस करीत आहे.

चार वर्षांपूर्वी माझे दुखणे इतके विकोपास गेले की गादीवर अर्धा तास बसणेही अशक्य झाले. औषधे झाली, शेक झाला, पट्टा झाला. अखेर एका मोठ्या शहरातील रुग्णालयात, कमरेत सुई घालून रेडिओलहरींच्या योगाने मज्जातंतू निकामी करण्याचा उपचार मजवर करण्यात आला. दीड महिन्यात मी पूर्ववत दुकानी येऊ लागलो. आनंदाच्या भरात मी बेळगावच्या रविवार पेठेत भेटेल त्याला या सुईचे गुण सांगू लागलो. व्यापाऱ्याने एखाद्या मालाची वाखाणणी केली म्हणजे ऐकणारा तिला एक प्रकारची हमीच समजतो, याचे भान मला त्या वेळी राहिले नाही.

आमच्या दुकानी पस्तीस वर्षे पोती वाहिलेले हमालांचे मुकादम आहेत. त्यांची कंबर कशाने गेली हे मला कोणी सांगावयास नको. माझ्याच मालाने गेली. माझ्या शब्दावर विसंबून तेही त्याच रुग्णालयात गेले. खर्चाचा अर्धा भार मी उचलला. उरलेल्या अर्ध्यासाठी त्यांनी पत्नीचे दागिने गहाण ठेवले. महिनाभरात दुखणे जसेच्या तसे परत आले. एके दिवशी दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी मला एवढेच विचारले, "अण्णा, सुई तीच, डाक्टर त्येच. तुमास्नी गुण आला, मला का न्हाई?"

या प्रश्नाचे उत्तर मजपाशी नव्हते. 'नशीब' म्हणून तो सोडून देता आला असता. परंतु शब्द माझा गेला होता आणि दागिने त्यांच्या घरचे गेले होते. माझी धाकटी सून वैद्यकशास्त्राची पदवीधर आहे. तिच्याकडून या उपचाराच्या ज्या कसोट्या निरनिराळ्या देशांत झाल्या, त्यांचे वृत्तांत मी सवडीने समजावून घेतले. त्यांतून जे हाती आले ते पुढे देत आहे.

उपचाराचे स्वरूप

आपल्या कमरेत पाच मणके एकावर एक रचलेले असतात. दोन मणक्यांच्या मध्ये पुढील बाजूस एक लवचिक चकती असते, आणि मागील बाजूस डावा व उजवा असे दोन लहान सांधे असतात. मज्जारज्जूतून निघणारे तंतू या मणक्यांमधील खिडक्यांतून बाहेर पडून पायांकडे जातात. चकती सरकून त्या तंतूच्या मुळावर दाब आला किंवा तेथे दाह झाला, म्हणजे कळ कुल्ल्यातून पोटरीपर्यंत उतरते. तिला वैद्यकात गृध्रसी आणि व्यवहारात सायटिका म्हणतात. मागील सांध्यांचे दुखणे निराळे. ते बहुधा कमरेतच घुटमळते. त्याची वार्ता मेंदूकडे नेण्याचे काम बारीक तंतूंच्या शाखा करतात, आणि प्रत्येक सांध्यास अशा दोन शाखा पोहोचतात.

रेडिओलहरींच्या उपचारात क्ष-किरणांच्या साह्याने पाहत पाहत एक बारीक सुई या तंतूपाशी नेली जाते. टोकाचा थोडा भाग सोडून बाकी सुईवर विद्युत्-रोधक आवरण असते. मग सेकंदाला सुमारे ५ लाख वेळा दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह सुईतून सोडला जातो. आकाशवाणीच्या मध्यम लहरींचा पट्टा जेथे सुरू होतो, त्याच्या किंचित खालची ही कंपनसंख्या होय; यावरूनच उपचारास हे नाव पडले. या प्रवाहाने सुईच्या टोकाभोवतीची ऊती तापते. सामान्यतः ८० अंश सेल्सिअसच्या आसपास एक-दीड मिनिट उष्णता ठेवली, म्हणजे काही मिलिमीटर जागेतील तंतू भाजून निकामी होतो आणि त्याचे निरोप थांबतात. तंतू पुढे हळूहळू पुन्हा वाढतो. म्हणून गुण आलाच तरी तो कायमचा नसतो, आणि काही महिन्यांनी वा वर्षाने उपचार पुन्हा करावा लागतो. याच उपचाराचा दुसरा प्रकार म्हणजे थांबून थांबून सोडलेल्या लहरींचा. त्यात उष्णता ४२ अंशांच्या वर जाऊ देत नाहीत, जेणेकरून तंतू जळू नये.

ऐकावयास ही रचना इतकी सरळ आहे की शंकेस जागाच उरू नये. वार्ता नेणारी तार तोडली, वार्ता थांबली. मलाही तसेच वाटले होते.

पूर्वपीठिका

मणक्यांच्या मागील सांध्यांना दोष देण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील गॉर्म्ली या वैद्याने १९३३ साली या दुखण्यास स्वतंत्र नाव दिले. पुढच्याच वर्षी मिक्स्टर व बार या दोघांनी सरकलेल्या चकतीमुळे सायटिका होते हे दाखविले, आणि पुढील कित्येक वर्षे सर्वांचे लक्ष चकतीकडे लागले. सांध्यांकडे ते पुनश्च वळले १९७१ साली. ऑस्ट्रेलियातील रीस नावाच्या शल्यतज्ज्ञाने एक लहान सुरी कमरेत खुपसून या सांध्यांचे तंतू छेदण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि जवळजवळ सर्व रुग्णांना तिचा गुण आल्याचे सांगितले. अमेरिकेतील शीली या मेंदूशल्यज्ञाने सुरीच्या ठिकाणी रेडिओलहरींची सुई आणली, आणि १९७५ च्या सुमारास हा उपचार प्रचारात आला.

यानंतर जे घडले ते प्रत्येक व्यापाऱ्याने मनन करण्याजोगे आहे. ऑस्ट्रेलियातीलच बोगडुक या शरीररचनाशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह मृत शरीरांवर या रीतींची तपासणी केली. १९७७ साली त्यांनी दाखवून दिले की रीसची सुरी त्या तंतूंपर्यंत पोहोचतच नव्हती. पुढे १९७९ साली, शीलीने सुई टेकविण्यासाठी जी जागा सांगितली होती तेथे तो तंतू नसतोच, हेही त्यांनी सिद्ध केले, आणि सुईची योग्य जागा कोणती ते सांगितले. म्हणजे पहिल्या रीतीत तंतू तुटला नव्हता व दुसऱ्या रीतीत सुई भलत्याच जागी टेकत होती. तरीही रुग्ण बरे वाटल्याचे सांगत होते! रुग्ण खोटे बोलत होते काय? मुळीच नाही. वैद्य लबाड होते काय? तसे मानण्यासही कारण नाही. मग हा आराम आला कोठून? माझ्या मुकादमांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या कोड्यात दडलेले आहे.

धडा करणे

जुन्या पिढीच्या बंधूंस आठवत असेल की गिऱ्हाईक तेलाची चरवी घेऊन आले म्हणजे आपले वडील प्रथम रिकामी चरवी एका पारड्यात ठेवीत, दुसऱ्या पारड्यात तिच्या भाराइतके खडे वा वजने ठेवून काटा समतोल करीत, आणि मगच तेल ओतून तोलीत. यासच आपण धडा करणे म्हणतो. आजच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एक बटण दाबून भांड्यासह आकडा शून्यावर आणतात, ते याचेच नवे रूप. धडा न करता तोललेल्या तेलाच्या वजनात चरवीचेही वजन मिसळते, आणि काट्याचा आकडा कितीही अचूक असला तरी हिशेब खोटा ठरतो.

उपचाराने बरे वाटले असे आपण म्हणतो, तेव्हा आपण भांड्यासकट तोलीत असतो. त्या भांड्यात काय काय असते ते पाहा. पहिले म्हणजे दुखण्याचा स्वाभाविक चढउतार. दुखणे ऐन शिगेला पोहोचते तेव्हाच मनुष्य मोठ्या रुग्णालयाची वाट धरतो. आणि शिगेला पोहोचलेला भाव जसा पुढे बहुधा उतरतोच, तसे दुखणेही काही न करता थोडे ओसरते. दुसरे, आशा व विश्वास. यांनी वेदना खरोखरच कमी जाणवते, हे ढोंग नव्हे. तिसरे, उपचाराच्या निमित्ताने लाभणारी विश्रांती, शुश्रूषा व बदललेली राहणी. आणि चौथे, मनुष्याचा संकोच. ज्याने मोठी रक्कम मोजली, त्यास 'पैसे वाया गेले' असे म्हणणे जड जाते, आणि आपल्याशी प्रेमाने वागलेल्या डॉक्टरांना 'गुण नाही' असे सांगणे त्याहून जड जाते.

या भांड्याचा धडा करण्याची रीत वैद्यकाने शोधून काढली आहे. रुग्णांची संमती घेऊन, काहींना खरा उपचार मिळेल व काहींना नुसता देखावा मिळेल हे त्यांना आधीच स्पष्ट सांगून, कोणास काय द्यावयाचे ते चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दैवावर सोपवितात. दोन्ही गटांस तीच खोली, तीच सुई, तेच यंत्र. फरक इतकाच की एका गटात प्रवाह सोडतात व दुसऱ्यात सोडीत नाहीत. कोणास काय मिळाले हे रुग्णासही ठाऊक नसते आणि नंतर वेदना विचारून लिहिणाऱ्यासही नसते. वेदना शून्य ते दहा अशा मापाने नोंदवितात. देखाव्याच्या गटास जितका आराम पडतो तितका भांड्याचा भार. खऱ्या उपचाराच्या गटास त्याहून जो अधिक पडेल, तेवढाच सुईचा माल.

अशा कसोटीवाचून केवढी फसगत होते याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. हृदयशूळावर छातीतील एक धमनी बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया एके काळी अमेरिकेत पुष्कळ होत असे आणि रुग्णांस आरामही पडे. १९५९ साली कॉब व त्यांच्या सहकाऱ्यांनी सतरा रुग्णांची कसोटी प्रसिद्ध केली. आठांची धमनी बांधली होती, व नऊ जणांच्या छातीवर नुसता छेद घेऊन ती शिवली होती. दोन्ही गटांस आराम सारखाच! ती शस्त्रक्रिया त्यानंतर लवकरच मागे पडली.

प्रत्यक्ष कसोट्या

आता आपल्या सुईकडे वळू. १९९९ साली नेदरलँड्समधील व्हान क्लीफ यांनी मागील सांध्यांच्या दुखण्यावरील कसोटी प्रसिद्ध केली. एकंदर रुग्ण एकतीस. आठ आठवड्यांनंतर खऱ्या उपचाराच्या पंधरांपैकी दहांना चांगला गुण आला. देखाव्याच्या सोळांपैकी सहांना आला. हा निष्कर्ष सुईच्या बाजूचा आहे, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. परंतु त्या सोळांतील सहांचा विचार करा. त्यांच्या कमरेत प्रवाहाचा अंशही गेला नव्हता. तरी ते माझ्यासारखेच पेठेत सुईचे गुण गात फिरले असते.

एकतीस हा आकडा लहान. मूठभर दाण्यांवरून गाडीभर मालाचा भाव करू नये, हे आपण जाणतोच. २००१ साली कॅनडातील लक्लेर व सहकाऱ्यांनी सत्तर रुग्णांवर अशीच कसोटी केली. चार आठवड्यांनी हालचालींत थोडी सुधारणा खऱ्या उपचाराच्या बाजूस दिसली. बारा आठवड्यांनी दोन्ही पारडी समान झाली होती.

पायात उतरणाऱ्या कळेवर, म्हणजे तंतूच्या मुळाशी असलेल्या संवेदना-पेशींच्या गाठीवर रेडिओलहरी देण्याची कसोटी नेदरलँड्समध्येच गुर्ट्स व सहकाऱ्यांनी केली, व ती २००३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. १,०८४ रुग्णांतून निवडून ८३ घेतले होते. तीन महिन्यांनी खऱ्या उपचाराच्या ४४ पैकी ७ जणांस गुण आला. देखाव्याच्या ३६ पैकी ९ जणांस आला. म्हणजे भांडे रिकामे असताना जितके भरले, तितकेही ते माल घातल्यावर भरले नाही. हा फरक आकड्यांच्या खेळात सहज पडण्यासारखा आहे, म्हणून 'उपचाराने अपाय झाला' असे त्यावरून म्हणता येत नाही. परंतु 'लाभ झाला' असे म्हणावयास तर मुळीच आधार उरत नाही.

सर्वांत मोठी कसोटी २०१७ साली अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकात आली. तीही नेदरलँड्सचीच, सोळा चिकित्सालये व ६८१ रुग्ण. येथे देखावा नव्हता. एका गटास केवळ व्यायामाचा ठराविक क्रम, आणि दुसऱ्यास तोच व्यायाम अधिक रेडिओलहरी. दहांच्या मापावर निदान दोन अंकांचा फरक पडला तरच तो रुग्णाच्या दृष्टीने मोलाचा मानावा, असे आधीच ठरविले होते. तीन महिन्यांनी मागील सांध्यांच्या रुग्णांत फरक पडला ०.१८ अंकांचा, कटीच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीच्या सांध्यांत ०.७१ चा, आणि मिश्र दुखण्यांत ०.९९ चा. क्विंटलाच्या सौद्यात छटाकांची घट-वाढ निघावी तसा हा प्रकार झाला.

दुसरी बाजू

व्यवहारात दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकल्यावाचून निवाडा देऊ नये. वेदनाचिकित्सेतील अनेक जाणत्यांचे म्हणणे असे की या कसोट्यांत रुग्णांची निवड ढिली होती व सुईची मांडणी सदोष होती. निवडीसाठी प्रथम त्या तंतूजवळ भूल देणारे औषध टोचून पाहतात. वेदना तात्पुरती थांबली तर तो तंतूच दोषी असे समजतात. परंतु एकाच चाचणीवर विसंबल्यास चूक फार होते. १९९४ सालच्या एका अभ्यासात शंभरांत सुमारे अडतीस वेळा अशी चाचणी खोटा कौल देते, असे दिसून आले. पोत्यात एकदाच परखी मारून सौदा करण्यासारखे ते झाले. यास्तव निराळ्या वेळी व निराळ्या मुदतीच्या औषधाने दुसरी चाचणी घ्यावी, आणि जाड सुई तंतूला समांतर ठेवावी, असा त्यांचा आग्रह आहे. २००० साली ड्रायफस व बोगडुक आदींनी अशा कडक निवडीने घेतलेल्या पंधरा रुग्णांपैकी साठ टक्क्यांस वर्षभर निदान नव्वद टक्के आराम टिकल्याचे प्रसिद्ध केले. आकडे उत्साहवर्धक आहेत. पण त्या पंधरांसमोर देखाव्याचा गट नव्हता. माल उत्तम दिसतो, धडा मात्र केलेला नाही.

या मतभेदामुळे मोठमोठ्या मंडळांचे सल्लेही निरनिराळे आहेत. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६ साली असा सल्ला दिला की इतर उपाय थकले असतील, दुखणे मागील सांध्यांचे वाटत असेल, वेदना दहांत पाच वा अधिक असेल, आणि भुलेच्या चाचणीने आराम पडला असेल, तरच या उपचाराचा विचार करावा. उलटपक्षी, २०२५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एका आंतरराष्ट्रीय मंडळाने सर्व कसोट्या एकत्र तोलून, कर्करोगाशी संबंध नसलेल्या जुनाट पाठदुखीत हे उपचार करू नयेत अशी जोरदार शिफारस केली. तीत सांध्यांवरील रेडिओलहरी आल्या, आणि पायात उतरणाऱ्या कळेसाठी तंतूच्या मुळाशी दिलेल्या लहरीही आल्या. त्यावर वेदनाचिकित्सकांच्या संघटनांनी हरकती घेतल्या आहेत. वाद मिटलेला नाही. मात्र उपचाराच्या बाजूने बोलणाऱ्यांचाही दावा आता 'काटेकोर निवडलेल्या थोड्या रुग्णांस' एवढ्यापुरताच उरला आहे, हे ध्यानी घ्यावे. पेठेत भेटेल त्याला सुई सांगणारा मी त्यांच्याही मताने चुकलोच होतो.

मुकादमांच्या प्रश्नाचे उत्तर

एवढे समजल्यावर मी माझाच हिशेब पुनश्च मांडला. मी रुग्णालयात गेलो तेव्हा दुखणे अगदी शिगेला होते. सुईनंतर सहा आठवडे मी कशालाही हात लावला नाही. मुलांनी दुकान पाहिले. गादी सोडून मी खुर्चीवर बसू लागलो, सकाळी तासभर चालू लागलो, व सुनेने सांगितलेला व्यायाम करू लागलो. मुकादमांचे काय? गहाणाचे व्याज चालू होते, म्हणून सुई घेतल्याच्या सातव्या दिवशी ते पुन्हा पाठीवर पोती घेऊन उभे! सुई तीच व डॉक्टर तेच, हे खरे; परंतु तिच्या मागेपुढे जे होते ते दोघांचे सारखे मुळीच नव्हते.

मला आलेला गुण सुईचा नव्हताच, असे मी शपथेवर सांगू शकत नाही. तो सुईचा होता, असेही सांगू शकत नाही. एकाच मनुष्याच्या अनुभवातून भांडे व माल वेगळे करता येत नाहीत, हेच या सर्व कसोट्यांचे सार आहे. आणि ज्याचा धडा केलेला नाही अशा मालाची मी हमी दिली, हा माझा दोष आहे.

मी मुकादमांच्या घरी जाऊन हे सर्व त्यांना सांगितले, आणि दागिने सोडवून त्यांच्या पत्नीच्या हाती दिले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि हसून म्हणाले, "म्हंजे अण्णा, तुमचं भांडंच जड हुतं म्हणा की!" शेकडो पानांच्या वृत्तांतांचा आशय त्यांनी एका वाक्यात सांगितला. आता ते आमच्याकडे पोती उचलीत नाहीत, काट्यावर बसतात. कंबर अजून दुखते, पण पूर्वीइतकी नाही, असे ते म्हणतात. तेही कशाने, हे मी आता छातीठोकपणे सांगत नाही.

सभासदांस सूचना

कंबरदुखीने त्रस्त असलेल्या बंधुभगिनींनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लघवी-शौचावरील ताबा जाणे, जांघेत बधिरता येणे, पायातील बळ कमी होत जाणे, दुखण्यासोबत ताप येणे किंवा कारणाशिवाय वजन घटणे, यांपैकी काहीही झाल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे; तेथे या लेखातील तत्त्वचर्चेस स्थान नाही. इतर दुखण्यांत अंथरुण धरून पडू नये. जमेल तितके चालते-फिरते राहावे आणि जाणकाराच्या देखरेखीखाली व्यायाम करावा. मणक्यांच्या चित्रात 'झीज' दिसली म्हणून घाबरू नये. ज्यांना कसलेही दुखणे नाही अशांच्या चित्रांतही उतारवयात ती बहुतेकांस आढळते.

कोणी रेडिओलहरींचा उपचार सुचविलाच, तर डॉक्टरांस आदरपूर्वक चार प्रश्न विचारावेत. दुखणे सांध्याचे आहे की तंतूच्या मुळाचे? भुलेची चाचणी एकदा घेणार की दोनदा? गुण आल्यास तो किती काळ टिकेल, व पुन्हा खर्च किती येईल? आणि हा उपचार न करता तीन महिने नेमाने व्यायाम केल्यास काय होईल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही, जसा चांगला व्यापारी गिऱ्हाइकाने काटा तपासल्यास रागावत नाही.

आणि शेवटची विनंती माझ्यासारख्या बऱ्या झालेल्यांस. आपणांस गुण आला तर आनंद मानावा. परंतु दुसऱ्यास, विशेषतः ज्याला त्यासाठी कर्ज काढावे लागेल अशास, काही सांगताना 'मला बरे वाटले' एवढेच सांगावे. 'सुईने बरे केले' असे सांगू नये. आपला शब्द ऐकून त्याच्या घरचे दागिने बाहेर पडतात.